सोड्यांचा वाटा

माझ्या नाकावर माशी बसत नाही, असं आमचे हे गावभर सांगत असतात. सांगू देत. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, ते काय गोड गोड बोलून? पण एकदा माझं हे नाक असं ठेचलं गेलं, की त्याची आठवण झाली तरी अजून कान गरम होतात. ती हकीकत मी कुणाला सांगत नाही. ह्यांना ठाऊक आहे, तेवढं पुष्कळ झालं. आता मात्र विसरायला होऊ नये म्हणून लिहून ठेवतेय.

हे नौदलातून निवृत्त झाले आणि आम्ही चौलच्या वाडीत राहायला आलो. नारळी-पोफळीला पाणी लावण्यात ह्यांचे चार महिने बरे गेले. मग कंटाळले. आसपासच्या गावांत ह्यांच्यासारखेच चार निवृत्त होते, कुणी लष्करातले, कुणी नौदलातले. सगळ्यांनी मिळून एक लहानशी संस्था काढली. संस्था म्हणजे आमच्या पडवीतलं एक लोखंडी कपाट, एक टेबल आणि एक शिक्का. फौजेतल्या माणसांच्या घरच्यांची अडलेली कामं करायची, एवढाच हेतू. कुणाचं पेन्शन थांबलंय, कुणाला कानाचं यंत्र हवंय, कुणाच्या आईला मांडव्याहून बोटीने मुंबईच्या हॉस्पिटलात न्यायचंय. ह्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तशी घरोघर जायची कामं माझ्या गळ्यात पडली. मीही हौसेने पडू दिली, खोटं कशाला बोलू.

पहिल्याच महिन्यात मी एक नियम केला. आमच्यातले एक गृहस्थ कुठल्याही घरी गेले की चहा, पोहे, वर पान असं सगळं उरकून यायचे. एका घरी त्यांच्यासाठी शेजारून दूध मागून आणलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. घरातला कर्ता माणूस जाऊन महिना झाला नव्हता. मी पडवीत सगळ्यांना उभं करून सुनावलं, की आपण मदतीला जातो की पाहुणचार झोडायला? त्या दिवसापासून नियम ठरला. ज्यांच्या घरी कामाला जायचं, तिथे चहासुद्धा घ्यायचा नाही. पाणी आपल्या बाटलीत न्यायचं. देतील ती वस्तू नम्रपणे परत करायची. नियम मोठ्या अक्षरांत लिहून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. फार अभिमान होता मला त्या कागदाचा.

रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली ती बाई आमच्याकडे आली, त्याला दोन वर्षं होऊन गेली. तिचा नवरा लष्करात हवालदार होता. उत्तरेकडे कुठेतरी बर्फात चौकी होती, तिथे थंडीने छातीत पाणी झालं आणि खाली आणेपर्यंत गेला. बाईचं वय चाळिशीच्या अलीकडलं. पदरी एक मुलगी, तेव्हा अकरावीत. बाई रडली नाही, हात जोडले नाहीत, कागदांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली की यातलं काय कुठे लागतं ते मला कळत नाही. मला ती तिथेच आवडली.

तिचे कागद म्हणजे नुसता घोळ होता. माझ्या रेवदंड्याला खेपा सुरू झाल्या. तिचं घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा, ओट्यासमोर मासळी वाळत घातलेली. ती खुर्ची पुसून द्यायची, मी बसायची, कागद पसरायची. चहाचं विचारलं की मी म्हणायची, नको, आमचा नियम आहे. तहान लागली की पिशवीतली बाटली काढायची. आठ-नऊ महिने हे चाललं. शेवटी तिचं पेन्शन सुरू झालं. त्या दिवशी मी सांगायला गेले, तर तिने आतून एक पुडकं आणलं. वर्तमानपत्रात बांधलेलं, चांगलं शेर-दीड शेर भरेल एवढं. सोडे होते.

सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. आमच्या किनाऱ्यावर बोंबील, जवळा कुणीही कुणालाही देतं. सोडे तसे देत नाहीत. एकेक कोळंबी हाताने सोलायची, धुवायची, चार-पाच उन्हं दाखवायची, आणि टोपलीभर मालाचे शेवटी ओंजळभर राहतात. हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं असंही नाही. पण आमचं घर पडलं शाकाहारी. आणि वर नियम. मी तिला छान समजावून सांगितलं, की अगं, आम्ही काही घेत नाही, आणि आमच्यात हे चालतही नाही. पुडकं दोन बोटांत धरून मी ओट्यावर ठेवलं आणि निघाले. रिक्षात बसताना मला वाटत होतं, किती निर्मळ मनाने आपण काम करतो! हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

मुलगी हुशार निघाली. बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि पनवेलच्या एका कॉलेजात तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला. प्रश्न राहण्याचा होता. रेवदंड्याहून रोज पनवेलला जाऊन-येऊन कुणी नर्स होत नाही, वाटेतच आडवी होईल. तिथे सैनिकांच्या मुलींसाठी एका धर्मादाय संस्थेचं वसतिगृह आहे. राहणं-जेवण सगळं फुकट, पण जागा मोजक्या. मी फोन करकरून डोकं खाल्लं आणि एक जागा मिळवली. आईच्या सहीचा फॉर्म शनिवारी दुपारपर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला, असं त्यांनी बजावलं होतं. फॉर्म मी बुधवारी मुलीच्या हाती पाठवला.

गुरुवारी मुलगी आमच्या वाडीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही. कोरा फॉर्म माझ्या हातात देऊन खाली बघत म्हणाली, “बाई, आई न्हाय म्हनते.”

का, म्हणून विचारलं. तिने नुसती मान हलवली. मग तू काय करणार, म्हटलं. काकीबरोबर कोळंबी सोलायला जाईन, म्हणाली, आणि वळून चालायला लागली. तिची वेणी पाठीवर हलताना दिसत होती आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला जात होती.

पडवीत येऊन मी तोंडाचा पट्टा सोडला. ही काय अक्कल म्हणायची? पोरीच्या आयुष्याचं मातेरं करतेय! आम्ही काय घर मागतोय तिचं? हे गुडघ्याला तेल चोळत ऐकत होते. मी दमले तशी त्यांनी विचारलं, की इतक्या खेपा घातल्यास, तिच्याकडे पाणी तरी प्यायलीस का कधी? मी म्हटलं, नियम आहे आपला. हे म्हणाले, “नियम तुझा. तिला काय दिसलं ते विचार जाऊन.” मग मी सोड्यांचं सांगितलं. ऐकून आधी हसले, कारण नौदलात असताना बाहेर ह्यांनी काय काय खाल्लंय ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि सोडे परत केले म्हणजे ह्यांच्या तोंडचा घास गेला. पण हसणं अर्ध्यावर सोडून त्यांनी कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

शुक्रवारी दुपारी फॉर्म घेऊन कोळीवाड्यात गेले. बोटी नुकत्याच लागल्या होत्या. ती ओट्यावर बसून कोळंबी सोलत होती. समोर मोठी टोपली, एका बाजूला पाण्याचं पातेलं, दुसऱ्या बाजूला सालांचा ढीग. मुलगी आतल्या दाराशी उभी होती. खुर्ची आली नाही या वेळी. मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली, आणि सवयीप्रमाणे वर्गात बोलावं तसं बोलले. तिने मध्ये तोडलं नाही. हात चालू ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग हात थांबवले.

“बाई, माझा तुमच्यावर राग न्हाय. माझ्या पोरीच्या ताटात भात हाय तो तुमच्यामुलं हाय. पन तुमी माझ्या घरात पानी घेतलं न्हाय. सोडे दिले ते ओट्यावर ठेवलेत, आनि गल्लीच्या टोकाला जाऊन बाटलीतल्या पान्याने हात धुतलेत. मी बगत व्हते. ज्याचं आपल्याला चालत न्हाय, त्याला आपन देत राहायचं, तर ती भीक झाली. माझा नवरा फौजेत मेला. भीक मागत न्हाय मेला.”

हात धुतले होते मी. मला आठवतच नव्हतं, पण तिने सांगितलं आणि आठवलं. वास लागला होता बोटांना, रिक्षात बसायचं होतं, म्हणून धुतले. त्यात दुसरं काही नव्हतं, असं मी स्वतःला तिथे उभ्या उभ्या सांगून पाहिलं. पटेना. शाळेत मी वर्षानुवर्षं सगळी माणसं सारखी म्हणून शिकवलं, आणि पुडकं धरताना मात्र मला दोनच बोटं पुरली. लाज वाटली. अशी लाज, की जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

मी खाली ओट्यावर बसले आणि म्हटलं, चहा कर. तिने मुलीकडे बघितलं, मुलगी आत गेली. चहा आला, बशीसकट. गोड मिट्ट होता, मी सगळा प्यायले. मग मी सोडे मागितले. म्हटलं, तेव्हा चुकलं माझं, आता दे.

ती हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. “आता मागताय, सहीसाठी?”

खरंच होतं ते. हो म्हटलं, सहीसाठीच मागतेय, पण तेव्हा चुकलं हेही खरंच आहे. ती परत कोळंबी सोलायला लागली. सोलता सोलता तिने सांगितलं, की तिचा नवरा बावीस वर्षं फौजेत होता, तरी भावाची बोट लागली की त्याचा वाटा घरी यायचा. फुकट नाही. रजेवर आला की पहिले चार दिवस तो भावाबरोबर बोटीवर जायचा, जाळी ओढायचा, हाताला फोड येईपर्यंत. त्याची आई म्हणायची, रजेवर आलाय, झोपू दे त्याला. तो म्हणायचा, हात लावला नाही तर वाटा कशाचा? तो गेल्यावर वाटा यायचा थांबला नाही, पण मग ती स्वतः दिराच्या मालाला हात लावायला लागली. ही टोपली त्याच्याच बोटीची होती. त्यांच्या घरात जो मालाला हात लावतो त्याला वाटा मिळतो, आणि जो लावत नाही त्याला देतात ते देणं वेगळं असतं, आंधळ्या-पांगळ्याचं.

मी टोपलीकडे बघितलं. पदर खोचला. घड्याळ काढून पिशवीत टाकलं आणि टोपलीत हात घातला.

आता हसायचं त्यांनी हसावं. जन्मभर भाजीची देठं खुडलेली बाई मी, कोळंबीचं डोकं कुठल्या बाजूला असतं इथपासून सुरुवात. पहिलीचा तर मी लगदा केला. कोळंबीच्या डोक्यावर एक काटा असतो करवतीसारखा, तो दुसऱ्या खेपेला बोटात घुसला. थंड, गुळगुळीत, बारीक पायांची ती वस्तू हातात धरली की अंगावर शहारा यायचा, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. मुलगी शेजारी येऊन बसली आणि हलक्या हाताने दाखवायला लागली, की डोकं असं पिरगळायचं, साल पोटाकडून उकलायचं, पाठीतला काळा दोरा नखाने काढायचा. चौतीस वर्षांत माझ्यावर अशी वेळ आली नव्हती. शाळेतली ढ मुलं मला त्या दिवशी फार जवळची वाटली.

तास झाला असेल. तिने पातेलंभर सोलली, मुलीने अर्धं पातेलं, आणि माझ्या पुढ्यात दीडेक वाटी जमली होती, तीही ओबडधोबड. माझ्या अंगठ्यातून रक्त येत होतं. तिने ते पाहिलं, आतून हळद आणून अंगठ्यावर दाबली. मग माझा ढीग बघून खळखळून हसली आणि म्हणाली, असा माल बाजारात नेला तर गिऱ्हाईक मारायला उठेल. मीही हसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते हसण्याने आलं असं आम्ही दोघी धरून चाललो.

फॉर्म तिने स्वतःच मागून घेतला. हात धुतले, पदराला पुसले, आणि भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोखाली बसून सही केली. एकेक अक्षर सावकाश काढत. मी पुडक्याची वाट बघत उभी राहिले, तर म्हणाली, सुकलेले सोडे दिराकडे आहेत, उद्या एसटी स्टँडवर आणून देते.

शनिवारी सकाळी ती आली. बोटीचा माल यायचा होता म्हणून तिला पनवेलला येता येणार नव्हतं, मुलीला घेऊन मीच निघाले होते. स्टँडवर माझ्या ओळखीचं निम्मं चौल-रेवदंडा उभं. तिने सगळ्यांदेखत पुडकं माझ्या हातात दिलं, आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं. “तुमच्या घरात कोन खातं, कोन न्हाय, ते मी इचारनार न्हाय,” ती म्हणाली. “वाटा तुमचा हाय.” मुलीच्या तोंडावरून हात फिरवून ती मागे न बघता निघून गेली.

पुडकं मी पिशवीत ठेवलं. दुसरी पिशवी नव्हती, म्हणून फॉर्म आणि संस्थेचं पत्रही त्यातच. अलिबाग येईपर्यंत पुढच्या सीटवरच्या बाईने दोनदा वळून पाहिलं. पेणच्या पुढे एकाने खिडकी सताड उघडली. माझ्याहून जास्त ती मुलगी अंग चोरून बसली होती. शेवटी तिने हळूच विचारलं, बाई, पिशवी मी माझ्या पायाशी घेऊ? लोकांना वाटेल माझीच आहे. मी नको म्हटलं. मग थोड्या वेळाने तिने जे मनात होतं ते सांगितलं. तिला हॉस्टेलची भीती वाटत होती. अलिबागला शिबिराला गेली होती तेव्हा खोलीतल्या मुलींनी तिची चादर नाकाला लावून वास घेतला होता. पाच दिवस ती खोलीबाहेर पॅसेजमध्ये झोपली. हे तिने आईला सांगितलं नव्हतं. वास घेणाऱ्या त्या पोरींना मी शिव्या देऊ शकले असते, पण माझीच बोटं मला आठवली, आणि मी तिचा हात धरून बसले.

बारा वाजून गेल्यावर वसतिगृहात पोचलो. ऑफिसात टेबलामागे एक व्यवस्थापिका होत्या, चष्मा लावलेल्या, माझ्याच वळणाच्या. मी पिशवीतून फॉर्म काढून दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, थांबल्या, जरा लांब धरला. मग चष्म्यावरून मुलीकडे बघून म्हणाल्या, “सुकी मासळी आणलीस का बरोबर? इथे हे चालायचं नाही हं, आधीच सांगते.”

मुलीची मान पार छातीला टेकली. मी पिशवी उचलून सरळ टेबलावर ठेवली.

“पिशवी माझी आहे,” मी म्हटलं. “सोडे आहेत. हिच्या घरच्या कामाला मी हात लावला, त्याचा हा माझा वाटा आहे. वास आला असेल तर तो माझा.”

आणि हळद लावलेला अंगठा मी पिशवीवरच ठेवला. बाईंनी एकदा माझ्या कुंकवाकडे, एकदा अंगठ्याकडे, एकदा पिशवीकडे पाहिलं. फॉर्म पुढ्यात सरळ केला, पेन उघडलं आणि मुलीला पूर्ण नाव विचारलं.

मुलीने मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. स्वतःचं नाव सांगितलं. वडिलांचं नाव सांगताना क्षणभर थांबली आणि त्याच्या आधी ‘हवालदार’ लावून पुन्हा सांगितलं, बाहेर व्हरांड्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. बाईंनी ते तसंच लिहून घेतलं.